शालनची हळद

गॅसपुढे उभी राहून हे मी स्वतःशी कितीदा पुटपुटले आहे. माणसाला सांगायला बसले आहे ती आज पहिल्यांदाच. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून जमेल बहुतेक. ओळखीच्या माणसापुढे या गोष्टीपाशी आले की माझी जीभ टाळूला चिकटते. एरवी तिला हाड नाही — पेडण्याच्या बाजारात मासेवाल्यासुद्धा माझ्याशी वाद घालायला बिचकतात.

सुरुवात दुधापासून करते. हळदीच्या दुधापासून. हसू नका.

शालन माझी धाकटी जाऊ. लग्नानंतर थोड्याच वर्षांत माझा दीर तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. तिचं माहेर केरीचं. भाऊ न्यायला आला, पण ती गेली नाही. का नाही गेली? माझ्या दीपासाठी. दीपा तेव्हा नुकती उभी राहायला शिकत होती, आणि उभी राहायची ती शालनच्या पदराला धरून. लोक म्हणायचे, बरं झालं, दोघींना एकमेकींचा आधार झाला. मीही म्हणायचे. तोंडाने म्हणायला काय जातं?

दीपाची छाती पहिल्यापासून कमजोर. थंडी पडायला लागली की तिन्हीसांजेला खोकला ठरलेला. मग शालन उठायची. परसातली हळद तिचीच — लावायची ती, खणायची ती, उकडून अंगणात वाळवायची तीच. हळकुंड सहाणेवर चंदनासारखं उगाळायची. ते आधी पाण्यात कढवून त्याचा उग्र वास घालवायची, मग दूध, पोफळीवर चढलेल्या वेलीची थोडी मिरी ठेचून, आणि जायफळाचा एक वेढा. खाली उतरवलं की जरा निवू द्यायची आणि मगच माडाचा गूळ. दीपा पेला दोन्ही हातांनी धरून प्यायची आणि काकीच्या मांडीवरच झोपायची.

मी करून पाहिलं नसेल असं वाटतं तुम्हाला? एकदा शालन केरीला गेली होती, जत्रेला. मी सगळं तिच्यासारखं केलं. पण घाई माझ्या रक्तातच — गूळ उकळत्या दुधात टाकला. दूध फाटलं. दीपाने पेल्यात पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "काकी कधी येतली?"

एवढंच. पोरं असं बोलतातच, कळतं मला. पण आई समोर उभी होती हो, हातात पेला घेऊन! ते मी मनातून कधी जाऊ दिलं नाही.

आता लग्नाचं सांगते. दुधाचं सांगत बसले ती वेळ काढायला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

दीपाचं डिचोलीला ठरलं. बाजारात दुकान असलेलं घर, माणसं मोकळ्या मनाची. आमच्याकडे हळदीच्या दिवशी सवाष्णी जमतात, वायनात, म्हणजे उखळात, मुसळाने हळद कांडतात, गाणी म्हणतात आणि त्याच मग नवरीला हळद लावतात. विधवा बाई आत स्वयंपाकात खपत असते. त्या घटकेला पुढे येत नाही. हे कुणाला सांगावं लागत नाही. शालनलाही लागलं नसतं. पण दीपाने हट्ट धरला — हळद काकीची, तर पहिलं बोटही काकीचंच. तिने सासरी परस्पर विचारूनसुद्धा घेतलं. ते म्हणाले, आमची हरकत नाही, पोरीची हौस आहे तर होऊ दे. आमच्या ह्यांनीही मान डोलावली. शालन आधी नको नको म्हणाली, मग गप्प झाली. तिचं गप्प होणं म्हणजे आनंदच, मी ओळखून होते.

राहिले मी.

तुम्ही म्हणाल, बाई रूढीला घाबरली. अशुभाला घाबरली, लोकांना घाबरली. तसं असतं तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते — त्या पापाला निदान चारचौघांची सोबत असते. मला तसलं काही वाटत नाही. तेव्हाही वाटत नव्हतं. मला फक्त एवढंच दिसत होतं: पाटावर डोळे मिटून बसलेली दीपा आणि तिच्या गालावर पहिला हात शालनचा. माझा दुसरा. त्याही दिवशी माझा दुसराच!

शालन परसात बसून लग्नासाठी हळकुंडं निवडत होती, चांगली लांबट तेवढी सुपात बाजूला काढत होती. मी जवळ गेले आणि म्हटलं, डिचोलीहून निरोप आलाय. त्यांना नाही चालायचं. त्या दिवशी तू घरात दिसलीस तरी त्यांना खटकेल.

असा निरोप आला नव्हता. कुणाचाच आला नव्हता.

तिने हातातलं हळकुंड सुपात ठेवलं. मग म्हणाली, "वयनी, चेडवाक ह्या सांगू नकात. तेच्या जिवाक लागात."

पाहिलंत? खोटं बोलले मी, आणि ते पोरीपासून लपवायचं काम तिने आपल्या अंगावर घेतलं. हळकुंडं निवडून पुरी केली आणि दुसऱ्या दिवशी केरीची बस धरली. दीपाला मी सांगितलं, काकीलाच नको आहे गं, तिला ही मिरवामिरव आवडत नाही. हळदीच्या पाटावर पोर बसली तेव्हा तिचे डोळे लाल होते. बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय ना. पहिली हळद मी लावली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती दाराकडे बघत होती.

त्यानंतर शालन डिचोलीला कधीच गेली नाही. नातवाच्या बारशाला नाही, वाढदिवसाला नाही. दीपा बोलवायची, ही निमित्तं काढायची — मनात एकच, आपला पाय त्या उंबऱ्याला नको, लेकीला बोल लागायला नको. हळूहळू दीपाने बोलावणं सोडलं. माहेरी आली की काकीशी जपून बोलायची, पाहुण्याशी बोलावं तसं. दोघी एकाच सोप्यावर बसायच्या आणि दोघीही माझ्याशी बोलायच्या. मला हवं होतं ते मिळालं की नाही? मिळालं. अगदी पुरेपूर मिळालं.

मग हे गेले. घरात आम्ही दोघीच उरलो. पहिल्याच थंडीत मला खोकला लागला आणि तिन्हीसांजेला शालन पेला घेऊन पुढ्यात उभी. "घेवा वयनी, निवतला." मी घेतला. पुढे रोजच घेत राहिले. खोकला गेल्यावरही.

किती वेळा ओठांवर आलं होतं! पण खरं सांगितलं तर हा पेला बंद होईल, ही भीती. घरात माझ्यासाठी कुणीतरी काहीतरी उकळतंय, एवढाच आवाज संध्याकाळी उरला होता मला. आणि खरं तर पेला बंद झाला नसता. शालनला मी ओळखत होते; तिने तो तरीही आणून दिला असता. मग बोलले का नाही? कारण मग तो घेताना मला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी शालन गेली. बाराव्याला दीपा स्वयंपाकघरात सहाणेजवळ बसली होती. बाहेर माणसं जेवत होती, आत आम्ही दोघीच. तिने विचारलं, "आई, काकीला मी का नकोशी झाले गं?"

एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, तिचा स्वभावच तसा होता.

म्हणजे गेलेल्या बाईवरही मी ते ढकललं.

आता संध्याकाळी एकटीपुरतं दूध ठेवते. बरणीत तिची हळकुंडं आहेत, संपत आली. गूळ आता मी खाली उतरवूनच घालते, दूध फाटत नाही. अगदी तिच्यासारखं होतं. ते प्यायला समोर कुणी नसतं, दाराकडे बघायलासुद्धा कुणी नसतं. मग मीच बघते.

परवा दीपाचा फोन आला. तिच्या मुलाला खोकला झालाय. ते हळदीचं दूध कसं करायचं गं, म्हणाली. काकीचं नाव तिने घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही. सहाण, पाणी, मिरी, जायफळ, सगळं नीट सांगितलं. आज सकाळी पुन्हा फोन आला. नातू पेला दोन्ही हातांनी धरून प्यायला म्हणे, आणि आता रोज मागतो. त्यांच्या घरात त्या दुधाला नावसुद्धा पडलंय — आजीचं दूध.

आजी म्हणजे मी.

मी म्हटलं, "गूळ मागाहून घाल हं."