सोड्याच्या टाकीची रिंग आणि आमचं खोबरेल तेल

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

रमजानात आमच्याकडे कोकम सोडा लागतोच. त्यासाठी ह्यांनी स्टीलची टाकी आणलीये. सरबत भरायचं, झाकण घट्ट लावायचं, सिलिंडरमधून गॅस सोडायचा. पण झाकणाखालची रबरी रिंग दरवेळी फुगते, गॅस निघून जातो आणि इफ्तारला पाहुण्यांपुढे येतं नुसतं सरबत.

ह्यांचं उत्तर ठरलेलं. "सौदायझेशन झालं, दुकानांत सौदीच ठेवायचा नियम आला आणि रिंगच्या दुकानातला मल्याळी चाचा गेला. ह्या नव्या सौदी सेल्समनला काय कळतंय? भलतंच रबर देतो."

आज रोज्यात, जेद्दाच्या भर उन्हात, मीच दुकानात गेले आणि त्या सेल्समनला चांगलं झापलं. बिचाऱ्याने लगेच रिंग बदलून दिली. वर म्हणाला, "माअलेश, खाला," म्हणजे माफ करा, मावशी.

घरी आल्यावर ह्यांनी पाकीट फोडलं, खोबरेलची बाटली उघडली आणि नवीकोरी रिंग तेलात माखली!

"अहो, हे काय?"

"तेलाशिवाय रबर बसतं काय? रत्नागिरीत आम्ही कुलपापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला हेच लावतो."

मी पाकीट उचललं. त्यावर तेलाच्या थेंबाचं चित्र आणि त्याच्यावर ही मोठी लाल फुली! म्हणजे दरवेळी रिंग फुगत होती ती आमच्याच तेलाने.

ह्यांनी ती नीट निरखून पाहिली आणि म्हणाले, "मग हे त्याने सांगायला नको?"

आता तुम्हीच सांगा, पुढची रिंग आणायला त्या दुकानात मी कोणत्या तोंडाने जाऊ?