दहाव्याला ड्रोन नेला

मंडळी, आज स्वतःचीच किळस आली, म्हणून लिहितोय.

कळंबात माझा व्हिडिओ शूटिंगचा धंदा. हल्ली ड्रोन नसला की ऑर्डर मिळत न्हाय, म्हणून यंदा घेतला. आज सकाळी नदीकाठी एका दहाव्याला उडवला. थोरल्या मुलाला वडिलांच्या विधीची रील पाहिजे होती.

पिंड मांडला, सगळे लांब सरकले. कावळा काही शिवेना. वर ड्रोनची घरघर, कावळे बाभळीवरनं हलेनात. मला कळत होतं. मुलाला हळूच म्हणलं, "खाली घेतो." तो म्हणला, "थांबा की, शिवतानाचाच शॉट पाहिजे."

वीस मिनिटं गेली. लोक कुजबुजायला लागले, "म्हाताऱ्याचा जीव लेकीत अडकलाय." धाकटी लेक नर्सिंगला आहे. शेवटी तिनंच हात जोडले, "आबा, शिक्षण सोडते. तुमी बघितलेल्या ठिकाणी लगीन करते. आता तरी घास घ्या."

तेवढ्यात बॅटरी संपत आली, म्हणून ड्रोन उतरवला. मिनिटभरात दोन कावळे पिंडावर! बायका रडायला लागल्या, "बघा, हेच राहिलं होतं."

आन मी रिमोट धरून गप्प. थू माझ्या तोंडावर!

आत्ता मुलाचा फोन आला, "शिवतानाचा शॉट आलाय ना?" न्हाय आला. बाभळीवर बसून ड्रोनकडं बघणारे कावळे मात्र लई स्वच्छ आलेत. ती क्लिप मी त्या पोरीला पाठवलीय.

पण सांगा, साऱ्या गावासमोर मेलेल्या बापाला दिलेला शब्द तिला कोण मागं घेऊ देईल?