एकटीचा काठ

माजा घरवाला दर्यात गेला तो परत आलाच नाय. पोरं लहान व्हती. बाराव्याचं आटपलं, तशी आतेसासू मला गावामागल्या खाजनात घेऊन गेली. खाजन म्हंजे भरतीला पान्याखाली जानारी चिखलाची जमीन, चहूकडं तिवरांची झाडं. देवळामागचा काठ दावून ती बोलली, "हा आता तुजा. कुनी हात नाय लावनार."

आमच्यात तसंच व्हतं. जिचा धनी गेला नि पोरं लहान, तिला तो जवळचा काठ सोडायचा. बाकीच्या बायांनी लांब, गुडघाभर चिखलात जायाचं. तिथल्या शिंपल्यातल्या शिवल्यांवर नि चिखलातल्या निवट्या मासळीवर माजी पोरं वाढली. थोरला बोटीवर जायला लागला तसा मी काठ सोडला. तवर दुसरी एकटी झाली व्हती.

मंग कुनाचे तरी ट्रक खाजनात भराव टाकायला आले. आमी बाया पाट्या घेऊन चिखलातच बसलो. डायवर ओरडला, "अम्मा, हटो, गाडी आयेगी!"

आतेसासू बोलली, "आन बाबा. चाक रुतलं का ढकलायला आमालाच बोलावशील."

बाया हसल्या. पन उन्हात आळीपाळीनं बसूनच रायलो. पावसाळ्यापावतर ट्रक यायचे थांबले. पुढं सरकारनं खाजन राखीव केलं, तारेचं कुंपन घातलं, बोर्ड लावला. आता लांबलांबून पाखरं येतात तिथं. आतेसासूनं काय ते बगितलं नाय.

यंदा शेजारची सून एकटी झाली. पोर अजून अंगावर पितं. मी तिचा हात धरून तिला काठाकडं नेलं. तारेपाशी गार्ड आडवा आला.

"आजी, कुनालाच आत सोडायचं नाय."

"बाबा, आमीच राखलं हे."

"ठाव हाय, आजी. पन एकीला सोडलं का सगळे येतात. मंग काय उरेल?"

त्याचं खोटं नव्हतं. तारेपल्याड आमच्या काठावर बगळे निवट्या टिपत व्हते. मी बगत रायले. शेवटी पोरगीच बोलली, "चला आजी, ऊन झालं."

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या बाजारात मी सुकट इकायला बसते, त्या माज्या सावलीतल्या जागेवर तिला बसवलं. सुकटीची पाटी तिच्यापुढं सरकवली नि आपन भिंतीकडं उन्हात गेले.

बाजूवाली बोलली, "म्हातारे, येड लागलं का? भाजून निगशील."

"माजी पोरं मोठी झाली," मी बोलले.

 जरा येळानं बाजूवालीनं आपली पाटी उचलून पलीकडं ठेवली. पोराला निजवायला जागा झाली.