गार काचपट्टी

घरात तिला सगळे घाईबाई म्हणत. जनावरांची डॉक्टर झाली तेव्हा आईला वाटलं, आता तरी पोरगी दोन घास बसून खाईल. कुठलं काय. तिने त्यावर कुत्र्यांच्या प्रजननाचं खास शिक्षण सुरू केलं. "स्वतःचं जमवायचं सोडून कुत्र्यांची जमवत बसणार," म्हणत आत्याने कपाळाला हात लावला.

एका सकाळी शिंपीकाका आपला म्हातारा कुत्रा घेऊन दवाखान्यात आले. त्याची प्रोस्टेटची गाठ सुजली होती. वीर्य चांगलं असेल तर गोळ्यांवर भागवायचं, नाहीतर वृषणं काढायची की दुखणं संपलं. पण काकांना त्याचं एक तरी पिल्लू हवं होतं. काकू गेल्यापासून मशीनपाशी तोच सोबतीला बसायचा.

घाईबाईने काचपट्टीवर वीर्याचा थेंब टाकला, मायक्रोस्कोपला डोळा लावला. एकही शुक्रजंतू हलेना.

"काका, याला आता पिल्लं होणं नाही."

काका कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिले. "मग करा ऑपरेशन," एवढंच म्हणाले.

कुत्र्याला आत न्यायची तयारी झाली. शिकवणाऱ्या बाईंनी हात धुता धुता सहज विचारलं, "काचपट्टी उबेला ठेवली होतीस ना?"

घाईबाईने खिडकीकडे पाहिलं. पट्टी तिने खिडकीतल्या डब्यातून उचलली होती, गारढोण. गारठ्याने शुक्रजंतू आखडून मेल्यासारखे पडतात, हे तर पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"उरलेलं वीर्य उबेतच आहे. पुन्हा बघते आणि सांगते."

"आधी सांग, मग बघ," बाई म्हणाल्या.

ती बाहेर आली. "काका, माझं चुकलं. काच गार होती. परत बघते, पण चांगलंच निघेल असं नाही."

काका म्हणाले, "माझ्या हातून कपडा तंग झाला ना, तर मी गिऱ्हाइकाला सांगतो, ताई, तुम्ही जरा भरलात. तुम्ही निदान खरं बोललात. बघा परत."

या खेपेला पट्टी ऊब धरेपर्यंत घाईबाई स्टुलावर हातपाय न हलवता बसली. आईने पाहिलं असतं तर ताप आलाय की काय म्हणून कपाळाला हात लावून बघितलं असतं.

मग तिने डोळा लावला. बरेचसे लुळे होते, पण बाकीचे पळत होते. तिने काकांना हाक मारली. सुईत दोरा ओवताना मिटावा तसा एक डोळा मिटून ते वाकले, आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

"डॉक्टरीणबाई," ते शेवटी म्हणाले, "हे तर तुमच्यासारखेच घाईत आहेत."