पक्ष्यामागचा डंपर

खरवईच्या तळ्यात माती टाकतायत, हे तळं वाचवायला धडपडणाऱ्या आम्ही मुलामुलींनी पत्रकात ठळक टायपात छापलं होतं. नगरपालिकेतले साहेब म्हणाले, "तळं कसलं, डबकं आहे ते. भराव चाललाय म्हणता, तर पुरावा आणा."

मैत्रिणीच्या भावाचा कॅमेरा मागून आणला आणि तीन सकाळी चिखलात बसले. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, रोल ब्लॅक अँड व्हाइट. कामाचा एकच फोटो निघाला, तोही हललेला. कमळपक्षी पानावरून उडाला आणि मी तेव्हाच बटण दाबलं. पंखांचा नुसता फराटा, लांब बोटं तेवढी स्पष्ट. पण मागे काठावर माती ओतणारा डंपर होता. पक्षी आणि डंपर एकाच फोटोत! आता बोला म्हणावं साहेबांना.

पक्षी जरा ओळखू यावा म्हणून, आधी प्रिंट न काढताच, निगेटिव्ह उल्हासनगरच्या एका सिंधी फोटोवाल्या काकांकडे दिली. लग्नाच्या निगेटिव्हवर पेन्सिल आणि ब्लेडने काम करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवरीचे मुरूम घालवायचे, मागे घुसलेले पाहुणे उडवायचे. "पक्षी तेवढा उठवा," मी म्हणाले. डंपरचं काही बोलले नाही. त्यात सांगायचं काय, असं वाटलं.

आठवड्याने त्यांनी मोठी प्रिंट समोर ठेवली. फराट्याच्या कडा इतक्या हलक्या हाताने ओढल्या होत्या की पक्षी अजून उडतोच आहे असं वाटावं. मागे कोरं आभाळ. काठावर वाऱ्याने वाकलेली बारीक, काळी लव्हाळी.

"काका, डंपर कुठाय?"

"वो ट्रक? निकाल दिया, बेटी. इतना सुंदर पंछी, पीछे कचरा कौन रखता है?"

"अहो, तो कचराच दाखवायचा होता!"

"तो पहले बोलना था ना." ते ओशाळले. "मैं समझा, तेरे को दीवार पे लगाना है."

निगेटिव्ह उजेडात धरली. डंपरच्या जागी ब्लेडने खरवडलेलं होतं, एकेका ओरखड्याचं प्रिंटमध्ये लव्हाळ्याचं एकेक काळं पातं झालेलं. खरवडलेलं परत येत नाही.

पुन्हा कॅमेरा घेऊन गेले, तर कमळाच्या पानांवर मातीचा ढीग. नुसत्या ढिगाच्या फोटोवरून तिथे तळं होतं, हे साहेबांना पटणार नव्हतं. नाइलाजाने ती प्रिंटच साहेबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा चढवून मनापासून पाहिली.

"वा! यात तर तळं अगदी मजेत दिसतंय हो."

तळं बुजलं. तिथे आता बिल्डिंगी आहेत. साहेबांना मी अजून माफ केलेलं नाही, स्वतःलाही नाही. चित्र माझ्या बेलवलीच्या खोलीत आहे, येणारा प्रत्येकजण त्याची एक प्रत मागतो. मला मात्र उडणारा पक्षी आठवतच नाही. त्या तीन सकाळी तो एका पानावरून दुसऱ्या पानावर पाय टाकत चालायचा, पान जेमतेम दबायचं, पाणी हलायचं नाही. ते बघत बसायचे मी. भराव दिसेल असा फोटो हवा होता, म्हणून तो नुसता चालत असताना एकदाही बटण दाबलं नाही.