भिशीचा पहिला नंबर

मार्चचा शेवटचा रविवार, दुपारी चार. स्थळ: आंजीतलं आमचं अंगण. हजर: भिशीच्या अकरा बायका, बारावी मी, शिवाय सासूबाई. त्या सभासद नाहीत, पण चिठ्ठी त्यांच्याच हातानं निघते. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे कोणी आधी कानात काही सांगून ठेवण्याची सोय नाही, म्हणून सगळ्यांचा त्यांच्यावर विश्वास. गैरहजर: कोणी नाही.

ही भिशी दिवाळीत मीच बंद केली होती, आणि आता मीच वही उघडून बसले होते.

वर्ध्याला नोकरीवर जाता-येता मी बसमध्ये पॉडकास्ट ऐकते. दोन तरुण मुलं पैशांवर बोलतात. छान बोलतात, मुद्देसूद, म्हणून मला आवडतात. वर्षाची वर्गणी भरून मी त्यांचे जास्तीचे भागही ऐकायचे. एका भागात त्यांनी फालतू खर्च सोडायला सांगितले. मी यादी केली. बाहेरची कॉफी: पीत नाही. परदेशी सहली: शेवटची सहल हिंगणीजवळच्या बोर धरणापर्यंत, तीही डबे घेऊन. दर दोन वर्षांनी नवा फोन: माझा फोन मुलीचा जुना. सोडण्यासारखं काहीच सापडेना तेव्हा मला माझीच लाज वाटली. पुढच्या भागात ते म्हणाले, भिशीतला पैसा झोपून राहतो. सापडलं.

तो भाग मी अंगणात स्पीकर लावून सगळ्यांना ऐकवला. बायकांनी चिवडा खात ऐकला आणि मान डोलावली. इतकी वर्षं हिशेबाची वही माझ्याकडे, तेव्हा मला कळत असणार असं त्यांनी धरलं. भिशी थांबली. माझी साठवण मी त्या मुलांनी सांगितलेल्या योजनेत टाकली. तिला तीन वर्षं हात लावता येत नाही. शिस्त लागते, असं ते म्हणाले होते. लागली.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी सासूबाईंचे कान तपासले. यंत्र लवकर बसवा, उशीर केलात तर ऐकायची सवयच जाईल, असं त्यांनी दोनदा बजावलं. यंत्राची किंमत आणि भिशीत एका महिन्याला जमणारी सगळी रक्कम जवळजवळ सारखी. घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे जेवण संपवलं आणि म्हणाला, "त्या पोट्ट्यायले फोन लाव. ते देतीन."

सासूबाईंना मी कानाशी जाऊन योजना समजावली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले ऐकू येत नाई. तुले तर दिवसभर ऐकू येते. मंग काय ऐकलं तुनं?"

तर तो रविवार. बैठक शेजारच्या काकूंनी बोलावली होती. आमच्यातल्या त्या सगळ्यांत जुन्या. भिशी पुन्हा सुरू करायचं ठरायला पाच मिनिटं लागली, मला टोमणे मारायला दहा. मग नेहमीचा प्रश्न. आमच्याकडे ज्या बाईला गरज आहे तिनं चारचौघींत तोंडानं सांगायचं, मग चिठ्ठीशिवाय पहिला नंबर तिचा. गरज कसली, हे कोणी विचारत नाही. बाळंतपण, बोअरची मोटर, पोरीची फी, अशा कितीतरी जणींच्या नावापुढे मी 'गरज' एवढंच लिहिलेलं आहे. माझ्या नावापुढे ते एकदाही नाही.

काकूंनी विचारलं, कोणाले गरज आहे काय. थांबून पुन्हा विचारलं, या वेळी माझ्याकडे बघून. मी वहीत समास आखत होते.

"काय म्हणून राह्यल्या त्या?" सासूबाईंनी मोठ्यानं विचारलं.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "चहाचं विचारतात, आई."

त्या म्हणाल्या, त्यांना अर्धाच कप. मग त्यांनी डब्यात हात घातला आणि एकेक करून बाराही चिठ्ठ्या काढल्या. पहिला नंबर चार दारं सोडून राहणाऱ्या बाईचा निघाला. तिला कूलर घ्यायचा आहे. माझा नंबर नववा.

निघताना काकू चप्पल घालत म्हणाल्या, "पैसे जमा होईपर्यंत नंबर बदलून भेटते, सूनबाई. पण तोंडानं सांगा लागते."

पैसे पाच तारखेला जमा होतात. आज चार तारीख. सकाळी केलेली यादी समोर आहे. गॅसचा नंबर लावणे, झालं. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेणे, घेतली, येत्या सोमवारची. पॉडकास्टची वर्गणी बंद करणे, केली; फुकटचे भाग अजून ऐकते. कूलरवालीकडे जाऊन बोलणे: हे काम बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज नव्या यादीत उतरवते आहे. आजही त्याच्यापुढे खूण नाही. चार दारांवर तिच्या घरी दिवा दिसतो आहे, आणि सासूबाई मला विचारताहेत, चप्पल घालून उभी काऊन राह्यली.