नाताळच्या सुट्टीतले पाहुणे

व्हँकूवरला राहिलं की माणूस पावसालाच हिवाळा म्हणायला लागतो. विद्यापीठातल्या दुसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी पूर्वेकडच्या कडाक्याच्या थंडीत, एटोबिकोला घरी आले, आणि विमानतळाच्या दाराबाहेर पहिल्याच श्वासाला नाकातले केस कडक झाले. बाबांनी माझा जुना जाड कोट बरोबर आणला होता. मी ऐटीत म्हटलं, "आय्'म फाइन, बाबा." गाडीपर्यंत जाईतो कान ठणकायला लागले. याच गावात मी शाळेत असताना कोटाची बटणं उघडी टाकून हिंडत होते, हे मलाच खरं वाटेना.

घरात आईने माझा ताबा घेतला. हीटरच्या कोरड्या हवेने गाल ओढायचे, ओठ फुटलेले, गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावावा तर झटका बसायचा. इथल्या दुधावर साय धरत नाही, म्हणून आईने क्रीमचा डबा आणून ठेवला होता आणि सकाळ-संध्याकाळ ते माझ्या तोंडाला चोळत होती. "बाहेर स्कार्फ गुंडाळून जा, चेहरा रापेल." लहानपणी मी रापले, मला खरचटलं, सोलवटलं, तेव्हा हिने वर मान करून पाहिलं नव्हतं. आता एकाएकी माझ्या कातडीची एवढी काळजी? मी मुळात संशयी. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी त्याच दिवशी ताडलं.

मग एकेक दिसायला लागलं. दिवाणखान्याला नवे पडदे आले होते. बाबा रोज बर्फ काढून ड्राइव्हवे काठापर्यंत साफ करत होते, अगदी मागच्या दाराची वाटसुद्धा, जिथून कधी कोणी येत नाही. रात्री गुडघ्यांना बाम लावायचे आणि सकाळी पुन्हा फावडं घेऊन हजर. मी खोलीत शिरले की फोनवर आईचा आवाज खाली यायचा. एकदा मी जिन्यात उभी राहून ऐकलंच. "मुलगा वॉटर्लूला शिकला ना तुमचा? छान. हो, आमची मुलगी आलीय सुट्टीला. रविवारी या सगळे."

म्हणजे मला बघायला येणार! मला पदवी पुरी करायची होती. ओळखीतल्या एकीचं असंच झालं होतं. सुट्टीला म्हणून घरी आली, चहाला पाहुणे आले, आणि उन्हाळ्यात ती लग्न होऊन विनिपेगला गेली. शिक्षण राहिलं ते राहिलंच. माझ्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

रविवारी सकाळपासून बर्फ पडत होतं आणि घरभर पोह्यांच्या फोडणीचा वास. झालं, आता पुरावा तरी आणखी काय हवा!

"तो स्वेटर बदल गं, कोपरावर फाटलाय," आई म्हणाली.

मी मुद्दाम तोच घातला. वर बाबांचे लोकरी मोजे आणि घरात लोकरी टोपी. क्रीमला हात लावला नाही. लाल नाक घेऊन खाली उतरले. काका, काकू आणि त्यांचा मुलगा आले होते. मुलाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो खिडकीच्या चौकटीपाशी तळहात धरून वारा येतो का ते बघत होता. मग बाबांना म्हणाला, "काका, हीटिंगची फर्नेस किती जुनी आहे? बेसमेंट बघू या का?" पुरुषमंडळी खाली गेली. काकू एकट्याच स्वयंपाकघर न्याहाळत बसल्या.

मी आईला बाजूला ओढलं. "हे मला बघायला आलेत ना?"

"तुला?" आईला हसू आवरेना. "अगं, त्याचं लग्न ठरलंय पुण्याला. घर बघायला आलेत ते, विकत घ्यायला." मग तिचं हसू गेलं. "बाबांना बर्फ शोव्हल करणं झेपत नाही आता. मिसिसागाला अपार्टमेंट बघितलंय, तिथे बर्फाची कटकट नाही. तुझी परीक्षा होती, म्हटलं डोक्याला ताप कशाला."

"मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?" मी ओरडलेच. काकूंनी वळून पाहिलं. मला रडू येत होतं, आणि राग त्याहून जास्त. ते मला बघायला आले असते तर फार बरं झालं असतं. मला 'नाही' म्हणता तरी आलं असतं.

सगळे वर माझ्या खोलीत आले. माझा पलंग, माझं टेबल, खिडकीबाहेर शेजाऱ्यांचं मेपलचं झाड. काकूंनी मायेने विचारलं, "ही खोली हिवाळ्यात गार पडते का गं?"

"फार," मी म्हणाले. "तीन पांघरुणं घेऊनही मी रात्रभर कुडकुडते. इथे कोणी राहूच शकणार नाही."

काकूंनी मुलाकडे पाहिलं. बाबा दारात एका हाताने चौकट धरून उभे होते.

"खोली उबदार आहे हो," ते हळूच म्हणाले. "तिचीच सवय गेलीय. ती आता इथे राहत नाही ना."